तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि फ्लुओरेसन्स इमेजिंग

लोणंद परिसरात तंबाखू, गुटखा, मिश्रीची सवय असलेले रुग्ण नेहमी भेटतात. त्यांच्यापैकी कुणाची तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला ठरली की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, निळ्या प्रकाशात कॅन्सर दिसतो म्हणे. तशी सोय असलेलंच हॉस्पिटल शोधायचं का?"

शस्त्रक्रियेतील अडचण

गाठीबरोबर तिच्या भोवतीचा थोडा निरोगी भागही काढावा लागतो. तपासणीत कॅन्सर आणि कापलेली कड यांत किमान 5 मिलिमीटर अंतर असावे, असे साधारणपणे मानतात. कमी काढले तर आजार उलटू शकतो. जास्त काढले तर बोलणे, चावणे, गिळणे अवघड होते. ही सीमा नुसत्या डोळ्यांना नेहमी कळत नाही.

प्रकाशाचा उपयोग कसा होतो?

- निळा प्रकाश टाकून खास फिल्टरमधून पाहिल्यास निरोगी अस्तर हिरवट चमकते, तर कॅन्सरचा भाग काळपट दिसतो. मात्र साधी सूजही काळपट दिसू शकते.
- इंडोसायनिन ग्रीन हे औषध इन्फ्रारेड कॅमेऱ्यात चमकते. ते गाठीभोवती टोचून, कॅन्सर मानेतील ज्या लसीकाग्रंथीत आधी पोहोचण्याची शक्यता असते ती शोधता येते. आयोडीनची ॲलर्जी असल्यास आधी सांगा.
- कॅन्सरच्या पेशींनाच चिकटणाऱ्या चमकत्या औषधांवर संशोधन सुरू आहे.

फायदा किती?

कॅनडातील मोठ्या चाचणीत (2020) निळ्या प्रकाशाच्या मदतीने शस्त्रक्रिया करूनही त्याच जागी कॅन्सर उलटण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

याउलट मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या चाचणीत (2015) सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्यावर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी वाढल्यावरच काढलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते.

सर्जनना काय विचारावे?

- मानेतील ग्रंथींचे काय करणार?
- ऑपरेशन चालू असतानाच कडेच्या तुकड्याची तपासणी, म्हणजे फ्रोझन सेक्शन, होईल का?
- महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसेल का?

प्रकाशाची सोय असेल तर चांगलेच, पण केवळ तिच्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नका. वाट पाहण्यात गाठ वाढते. तंबाखू मात्र आजच बंद करा. घरात इतर कुणाच्या तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर त्यांनाही लगेच तपासून घ्या.