बोटांना चिंध्या, हातात सुया

जुने कपडे घालून या. चांगला शर्ट किंवा आवडीची साडी असेल तर ती परत नेसण्याजोगी राहणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पायांत गमबूट हवेत. आणि पोट भरून निघू नका.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक काउंटीतलं ग्रेट यार्मथ बंदर. पहिल्या महायुद्धाच्या आधीची काही वर्षं, ऑक्टोबर महिना. त्या काळात इथल्या हेरिंग माशांच्या हंगामाची असंख्य पोस्टकार्डं छापली गेली. त्यातलं एखादं समोर धरा. लाकडी हौदाशी मुली दाटीवाटीनं उभ्या आहेत, डोक्याला रुमाल, अंगावर मेणकापडाचे लांब एप्रन. कॅमेऱ्याकडे बघणाऱ्यांचे चेहरे स्वच्छ आलेत. ज्या थांबल्याच नाहीत, त्यांच्या हातांच्या जागी नुसता पांढरट फराटा आहे. त्या फराट्यातून आत शिरायचं.

आधी येतो तो वास. माशाचं तेल, खारं पाणी, कालची आतडी, बोटींचा कोळशाचा धूर. त्यात शहराच्या बाजूनं ओकच्या लाकडाचा धूर येऊन मिसळतो, कारण तिकडे धुरीघरांत हेरिंग टांगलेत. दहा मिनिटांत नाक मरतं. मग कान जागे होतात. वाफेच्या शिट्ट्या, घोडागाड्यांची चाकं, पिंपांवर पडणारे हातोडे, लिलावाचा पुकारा, आणि या सगळ्यावर ओरडणारे समुद्रपक्षी. येअर नदीत बोटी इतक्या खेटून उभ्या आहेत की पाणी शोधावं लागतं. १९१३च्या हंगामात इथे हजाराहून जास्त बोटी होत्या. त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडच्या.

बाजूला व्हा! वेताच्या दोन पोटांच्या टोपल्या घेऊन माणसं धावत येतायत. ही टोपली म्हणजे ‘स्विल’, यार्मथची खास. मासे मोजायचं माप ‘क्रॅन’. एका क्रॅनमध्ये साधारण १२०० हेरिंग. आपल्या तारलीच्याच कुळातला हा मासा, अंगानं मोठा आणि चरबीनं भरलेला. चरबी आहे म्हणून लगेच नासतो, आणि नासतो म्हणून कुणालाही उसंत नाही. आज उतरलेली रास आज मिठात गेलीच पाहिजे, मग रात्रीचे कितीही वाजोत.

आता हौदापाशी या. याला ‘फार्लिन’ म्हणतात. मासे ओतले जातात, वर मूठमूठ खडेमीठ टाकतात, म्हणजे हातातून निसटत नाहीत. तुमच्या शेजारची मुलगी असेल सोळा-सतरा वर्षांची. शेटलंडची असेल, लुईस बेटाची असेल, नाहीतर स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या एखाद्या कोळीवस्तीतली. उन्हाळ्यात उत्तरेला सुरू झालेलं काम बोटींच्या मागोमाग किनाऱ्यानं खाली सरकत इथवर आलंय, आणि तीही त्याच्याबरोबर. तिचे हात बघा. जवळून बघा. डाव्या हातात मासा, उजव्या हातात आखूड सुरी. गळ्याशी एक टोच, एक पीळ, कल्ले आणि आतडं बाहेर. मासा मागे भिरकावला जातो तो न बघता, आणि नेमका त्याच्या आकाराच्या टोपलीत पडतो. तुम्ही एक श्वास घेतलात तेवढ्यात दोन-तीन झाले. तरबेज मुलीचा हात मिनिटाला साठपर्यंत जातो.

तिच्या प्रत्येक बोटाला पिठाच्या पोत्याची चिंधी गुंडाळलेली आहे, दोऱ्यानं घट्ट बांधलेली. सुरी घसरली की बोट कापतं, कापलेल्या बोटात मीठ जातं, आणि मीठ गेलेली जखम हंगामभर भरून येत नाही. पोस्टकार्डावर या चिंध्या दिसतात, पण छापण्यात इतक्या बारीक होतात की पाहणाऱ्याला मोजे वाटावेत. मला तर या ढीगभर चित्रांमधली सर्वांत खरी गोष्ट हीच वाटते.

तिघींची एक टोळी: दोघी साफ करणार, तिसरी भरणार. ही तिसरी रिकाम्या पिंपात इतकी वाकलीय की तिचे पाय जमिनीवरून सुटलेत. तळाशी माशांचा एक थर, पोटं वर करून, त्यावर मीठ, मग आडवा दुसरा थर. एका पिंपात ७०० ते १००० मासे मावतात. काही दिवसांनी ते खाली बसतात, तेव्हा पुन्हा भर घालायची, खारं पाणी ओतायचं, झाकण ठोकायचं. मग पिंपं निघतात जर्मनीला आणि रशियाला. मजुरी पिंपामागे मिळते आणि तिघींत वाटली जाते. म्हणून फोटोवाल्यानं थांबायला सांगितलं की हसू येतं खरं, पण थांबलेला प्रत्येक क्षण तिघींच्या पैशांतून जातो.

काम संपलं की वाटतं आता बसतील. छे! रस्त्यानं चालताना काखेत लोकरीचा गुंडा आणि हातात सुया. चार-चारच्या रांगेत हात धरून चालायचं, गप्पा मारायच्या आणि गंजीफ्रॉक विणायचा, सगळं एकदम. त्यांच्यातल्या लुईस बेटावरच्या मुली गेलिक बोलतात, तुम्हाला अक्षर कळणार नाही. त्यांच्या मागोमाग जुन्या गावात शिरा. इथे एकशे पंचेचाळीस बोळ आहेत, ‘रो’ म्हणतात त्यांना. किटी विचेस रोमध्ये तर खांदे आडवे करूनच जावं लागतं. वर ओळीनं कपडे वाळतायत, खाली कुणाच्या तरी चुलीवर हेरिंग तळलं जातंय. मुलींना भाड्यानं खोली देणाऱ्या घरमालकिणीनं सतरंज्या गुंडाळून ठेवल्यात आणि भिंतींना कागद चिकटवलाय, तेलाचा वास लागू नये म्हणून. तरी लागतो.

रविवारी स्कॉटिश बोटी जाळी टाकत नाहीत, मग काय होईल ते होवो. त्या दिवशी मुली काळ्या कपड्यांत, एप्रनशिवाय. ओळखूच येत नाहीत. चर्चमध्ये त्यांचे आवाज लागले की आसपासची माणसं बाहेर थांबून ऐकतात.

नोव्हेंबर सरत आला की खोल्या रिकाम्या व्हायला लागतात. शेवटच्या शनिवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मुली चिनी मातीच्या बश्या उचलून पारखतात, घासाघीस करतात, आईसाठी काहीतरी, धाकट्यासाठी काहीतरी. सारं त्यांच्या लाकडी पेट्यांमध्ये भरलं जातं. पेटीत लोकरीचे कपडे, बश्यांभोवती गुंडाळलेले परकर, आणि अर्ध्या पेनीचं तिकीट लावायचं राहून गेलेलं एखादं पोस्टकार्ड, त्याच मुलींचं. त्यांच्यासाठी सोडलेल्या खास गाड्या स्टेशनात लागतात, पेट्या चढवताना हमाल नाकं मुरडतात, डब्यातून गाणं सुरू होतं आणि गाडी हलायच्या आत सुया पुन्हा चालू झालेल्या असतात.