टायर बदलल्यानंतरचे स्टिअरिंग : दोषनिदान (परभणी जिल्हा)

मोटारीला नवे टायर बसवल्यावर स्टिअरिंगच्या वागण्यात जाणवणारा फरक आणि त्याचे कारण शोधण्याची रीत. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर भटकते, स्टिअरिंग थरथरते, जड किंवा फारच हलके लागते, गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडे राहते, अशा तक्रारी नेहमी येतात. या सगळ्यांवर ‘अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्या’ हा एकच सल्ला सर्रास दिला जातो. वेगवेगळ्या दुखण्यांवर एकच गोळी देण्याची ही सवय महागात पडते, कारण यातल्या निम्म्या तक्रारींचा अलाइनमेंटशी संबंधच नसतो.

नव्या टायरचा स्वभाव : कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. कायद्याने चालणारी किमान खोली १.६ मिमी आहे. गोटा होत आलेल्या टायरवर वर्षभर गाडी चालवलेल्या माणसाला रबराचे हे नवे, उंच ठोकळे वळणावर किंचित वाकताना जाणवतात आणि स्टिअरिंग उशिरा ऐकते असे वाटते. शिवाय टायर साच्यातून सुटा व्हावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर राहिलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला पकड कमी असते. पहिल्या ३०० किमीपर्यंत हा सैलपणा हळूहळू कमी होतो. परभणीहून छत्रपती संभाजीनगरला एकदा जाऊन आले, की टायर रुळतो. तोवर जोरात ब्रेक मारणे आणि वेगात वळणे टाळावे. मात्र एका बाजूची ओढ किंवा थरथर ही रुळण्याची लक्षणे नाहीत. ‘चालवत राहा, बसेल आपोआप’ असे कोणी म्हटले तर ऐकू नये.

हवा : तपासणी इथूनच सुरू करावी, कारण तिला खर्च नाही. टायरची कड रिमवर नीट बसावी म्हणून दुकानात हवा बरीच जास्त भरतात आणि कधी कधी ती तशीच राहते. अशी गाडी हलकी, उडती लागते. कमी हवेची गाडी जड चालते आणि उशिरा वळते. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पॉइंटांचा (पीएसआय) फरक असेल, तर कमी हवेच्या बाजूला ओढ लागते. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की हवा सुमारे दीड ते दोन पॉइंटांनी वाढते. परभणीत मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांच्या आसपास असतो. त्यात गाडी चालून आलेली असली, तर मापकावर चार-पाच पॉइंट जास्त दिसतात. ते पाहून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर नरम असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी.

रस्त्याचा वाटा : या जिल्ह्यात ही बाब सर्वांत जास्त फसवते. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे सुमारे २ ते २.५ टक्के उतार देतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चांगली गाडीही किंचित डावीकडे झुकते. त्यात परभणीची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, कडा खचतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या पट्ट्यात, पाथरी-मानवतकडे, उसाच्या ट्रॉल्यांच्या ओझ्याने चाकांच्या वाटाच उमटतात. रुंद नवा टायर त्या वाटांच्या कडा पकडतो आणि गाडी आपोआप डोलते. तेव्हा डावीकडची सौम्य ओढ हा दोष मानण्याआधी गाडी सपाट पट्ट्यावर चालवून पाहावी. राष्ट्रीय महामार्ग ६१ वर दुभाजक असलेल्या ठिकाणी उजव्या लेनमध्ये उतार बहुधा कमी असतो. तिथे ६० च्या वेगाला, वारा नसताना, स्टिअरिंगवर हात अगदी हलका ठेवून पाहावे. डावी ओढ तिथे नाहीशी झाली, तर दोष रस्त्याचा. उजवीकडे ओढ असेल, तर ती कोणत्याही रस्त्यावर दखल घेण्याजोगी आहे.

चाकांची अदलाबदल : ओढ खरी ठरली, तर अलाइनमेंटच्या आधी ही चाचणी करावी. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. ते कारखान्यात मध्यापासून किंचित सरकले, तर टायर शंकूसारखा वागतो आणि गाडीला एका बाजूला नेतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, बॅलन्सिंगच्या यंत्रावरही कळत नाही. पुढची दोन चाके एकमेकांच्या जागी लावावीत. ओढ बाजू बदलून उलटी झाली, तर दोष टायरचा. ती होती तिथेच राहिली, तर ब्रेक, सस्पेन्शन किंवा चाकांचे कोन पाहावेत. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर डावे-उजवे करू नये, एकाच बाजूचे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे लावावे. एका जॅकने आणि स्टेपनीच्या मदतीने हे अर्ध्या तासात होते. दोषी टायर मागच्या आसावर नेला, की त्याचा त्रास जवळपास जाणवत नाही. तरी नव्या टायरची तक्रार विक्रेत्याकडे नोंदवणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि त्यासाठी पक्के बिल घेतलेले असावे.

अलाइनमेंटची मर्यादा : बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळल्याचा कोन) बदलता येतो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) जुळवायची सोय नसते. पुढचा टो चुकला, तर तो दोन्ही चाकांत समान विभागला जातो. मग स्टिअरिंग वाकडे दिसते, गाडी भटकते, टायर कडेने करवतीसारखा झिजतो, पण एका बाजूची ठाम ओढ सहसा त्यातून येत नाही. म्हणूनच ओढ घालवण्यासाठी तीन-तीनदा अलाइनमेंट करणारे निराश होतात. उलट स्टिअरिंग वाकडे असेल, तर अलाइनमेंटच हवे. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या काही गाड्यांत त्यानंतर कोनमापक सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो, नाहीतर स्टिअरिंग एका बाजूला जड राहते. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश सैल असतील, तर आज जुळवलेले कोन उद्या हलतात. हे भाग जुन्या टायरच्या वेळीही झिजलेलेच असतात, घट्ट पकडीचा नवा टायर त्यांचा प्ले उघडा करतो.

थरथर : ८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरले, तर पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग पाहावे, सीट थरथरली तर मागच्या. २०-३० च्या वेगालाच चाक डुलत असेल, तर रिम वाकलेली किंवा टायर गोलाईत नसलेला असतो. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येणे हे डिस्कचे लक्षण आहे. पावसाळ्यात इथे आणखी एक कारण असते. शेतरस्त्यावरची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, वाळून दगडासारखी होते आणि चाकाचे वजन एकीकडे झुकते. तशाच मळक्या रिमवर बॅलन्सिंग केले, तर माती गळून पडल्यावर ते पुन्हा बिघडते. रिम आतून धुऊन, हबचा गंज आणि माती खरवडून मगच चाक चढवावे. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किमीनंतर, म्हणजे नांदेडला पोहोचेपर्यंत, पुन्हा तपासावेत. वाटेत खटखट ऐकू आली किंवा टायरला पोट आलेले दिसले, तर गाडी तिथेच थांबवावी.

दोनच नवे टायर घेतले, तर ते मागे लावावेत, इंजिनचा जोर पुढच्या चाकांना मिळणाऱ्या (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) गाडीतही. पुढे लावले, तर ओल्या रस्त्यावर मागची झिजलेली चाके आधी घसरतात, आणि जिंतूरकडच्या वळणांवर पहिल्या पावसात तशी घसरलेली गाडी सावरणे सरावाच्या चालकालाही अवघड जाते.