कवड्यांची माळ : नाणे, अलंकार आणि बंधन

तीर्थक्षेत्रांहून परतणारा यात्रिक अंगारा व कुंकू यांच्याबरोबर पुष्कळदा गळ्यातील माळही आणतो. सराफाच्या पेढीवर तिला मोल नसते, म्हणून दागिन्यांच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच होते. वस्तुतः अशी माळ हे इतिहासाचे एक साधनच होय. तुळजाभवानीच्या आराध्यांची आणि गोंधळ्यांची कवड्यांची माळ त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरात, सागरकिनाऱ्यापासून फार दूर वसले आहे. तेथील देवीच्या भक्तांच्या गळ्यात समुद्रातील कवडी आली, ती व्यापाराच्या मार्गाने. कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होई. चौदाव्या शतकात त्या बेटांवर राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील कवड्या बंगालमध्ये जातात व त्यांच्या बदल्यात तांदूळ येतो, असे नमूद केले आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा एक पण आणि 16 पणांचा एक द्रम्म, असे कोष्टक आहे. म्हणजे एका द्रम्मास 1280 कवड्या पडत. गरिबाच्या बाजारहाटाचे हेच नाणे होते.

पुढे कंपनी सरकारने ओरिसात कवड्यांत सारा घेणे बंद केले. 1817 च्या तेथील पाइक उठावाच्या कारणांत या निर्णयाचीही गणना होते. कवडीचे चलन संपले आणि भाषेत ‘कवडीमोल’ हा शब्द तेवढा मागे उरला. देवीच्या दारात मात्र तिचा मान टिकला. कवडीची फुगीर पाठ घासून काढावी, दातेरी बाजू वर ठेवून ती जाड दोऱ्यात ओवावी, एवढीच या माळेची कारागिरी. सोन्याच्या पुतळ्या ज्यांना परवडत नाहीत, त्यांनाही हा अलंकार परवडतो. ही माळ घालून, हातात परडी घेऊन जोगवा मागणारी स्त्री आपला अहंकार देवीच्या पायी ठेवते, अशी श्रद्धा आहे.

परंतु देवीच्या नावाने गळ्यात पडणाऱ्या प्रत्येक माळेची कथा इतकी निर्मळ नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराच्या परिसरात, लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधून अजाण मुलींना देवीस सोडण्याची चाल होती. माळ बांधली गेली की त्या मुलीचे लग्न नाही आणि पुढील आयुष्यावर तिचा अधिकारही नाही. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना 1934 च्या कायद्याने हे समर्पण बेकायदा ठरवले आणि अशा स्त्रीचा विवाह वैध मानला. कर्नाटकाने 1982 मध्ये स्वतंत्र कायदा केला. अर्धशतकानंतरही दुसरा कायदा करावा लागला, यावरून त्या दोऱ्याची गाठ किती घट्ट होती, हे दिसून येते.

दोन्ही माळा हातानेच ओवलेल्या, दोन्ही स्वस्त आणि दोन्हींवर देवीचे नाव. एक भक्ताने आपण होऊन घातलेली, दुसरी इतरांनी मुलीच्या गळ्यात बांधलेली. लोककलेच्या संग्रहात अशा माळा मांडताना त्यांच्या सौंदर्याचे वर्णन अवश्य करावे. मात्र ती कोणी घातली आणि कोणाच्या इच्छेने घातली, हे त्याच चिठ्ठीवर लिहिले गेले पाहिजे. त्याखेरीज त्या मुलींचा इतिहास आपल्या हाती लागणार नाही.