आल्प्सच्या घाटरस्त्यांवर कॅरव्हॅनसह कौटुंबिक प्रवास

कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढून नेले जाणारे चाकांवरचे घर. स्वतःचे इंजिन असलेल्या निवासी वाहनाहून ते वेगळे असते. युरोपात उन्हाळी सुट्टीत अनेक कुटुंबे अशी कॅरव्हॅन घेऊन आल्प्स पर्वत ओलांडतात आणि इटलीकडे जातात. या प्रवासात चढणीची धास्ती अधिक वाटते. परंतु वाहन आणि चालक यांची खरी कसोटी उतरणीवर लागते.

मार्गाची निवड

ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोकनर मार्ग १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर ३६ तीव्र वळणे असून होखटोर येथे तो २,५०४ मीटर उंची गाठतो. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड २,७५० मीटरहून उंच आहे आणि तिच्या एकाच बाजूला ४८ वळणे आहेत. निसर्गसौंदर्यासाठी हे मार्ग प्रसिद्ध असले, तरी कॅरव्हॅन पायथ्याच्या तळावर ठेवून केवळ मोटारीने ते पाहणे श्रेयस्कर ठरते.

पलीकडे जाण्यासाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. सुमारे १,३७० मीटर उंचीच्या ब्रेनर खिंडीतून द्रुतगती मार्ग जातो. स्वित्झर्लंडमधील १६.९ किलोमीटर लांबीचा गॉटहार्ड बोगदा १९८० पासून वापरात आहे. गॉटहार्ड खिंड २,१०६ मीटर उंचीवर आहे. बोगद्यातील रस्ता मात्र १,२०० मीटरपर्यंतही चढत नाही.

वजन आणि जोडणी

जड सामान कॅरव्हॅनच्या आसाजवळ, तळाशी ठेवावे. मागील टोकाला भार झाल्यास कॅरव्हॅन डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा. एकदम ब्रेक दाबू नये. भरलेल्या कॅरव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत असावे, असा संकेत ब्रिटनमध्ये नवख्या चालकांसाठी रूढ आहे.

चढणीवर

टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटते, कारण उंचीवर हवा विरळ होते. चढणीवर थांबून पुन्हा निघताना क्लचवर मोठा ताण येतो. वळणावर कॅरव्हॅनची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतल्या बाजूने जातात. त्यामुळे समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून वळण रुंद घ्यावे. मागे वाहनांची रांग लागल्यास सुरक्षित जागी थांबून त्यांना वाट द्यावी.

उतरणीवर

१,५०० किलोची मोटार आणि १,२०० किलोची कॅरव्हॅन १,२०० मीटर खाली उतरते, तेव्हा जवळपास नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. तिचा काही भाग हवेच्या आणि टायरच्या रोधात जातो. उरलेली ऊर्जा इंजिन व ब्रेक यांना पेलावी लागते. ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास ते अतिशय तापतात, त्यांची पकड कमी होते आणि जुन्या ब्रेक ऑइलमध्ये वाफ धरून पेडल पोकळ लागते. बहुतेक कॅरव्हॅनचे ब्रेक मोटारीवर येणाऱ्या दाबाने आपोआप लागतात. त्यामुळे लांब उतारावर तेही तापत राहतात.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा आपल्याकडील चालकांचा नियम येथेही लागू पडतो. ब्रेक थोडा वेळ, पण ठामपणे लावून सोडावा. जळका वास आल्यास गाडी बाजूला घ्यावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये.

नियम आणि दक्षता

स्वित्झर्लंडमधील अरुंद घाटात उतरणाऱ्या वाहनाने प्रथम थांबावे, असा नियम आहे. निळ्या फलकावर पिवळे शिंग दिसल्यास तो टपाल बसचा डोंगरी मार्ग समजावा; तेथे बसचालकाची सूचना पाळणे बंधनकारक असते.

चालत्या कॅरव्हॅनमध्ये मुलांना किंवा अन्य कोणालाही बसवू नये. निघण्यापूर्वी गॅस सिलिंडर बंद करावा आणि सुरक्षा-तार जोडल्याची खात्री करावी. कॅरव्हॅन सुटल्यास हीच तार तिचे ब्रेक लावते. उंच खिंडी हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. त्यामुळे मार्ग खुला आहे का आणि त्यावर कॅरव्हॅनला परवानगी आहे का, याची चौकशी आदल्या दिवशीच करणे हिताचे ठरते.