पाठवण्याआधीची अक्षरं

संगणकावर दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपणाऱ्या 'कीलॉगर'वर लिही, असा भाच्याचा आग्रह. सावधगिरीच्या सूचना तुम्ही वाचल्याच असतील. मी आपली एक जुनी हकिगत सांगते.

न्यू जर्सीच्या निकोडेमो स्कार्फोवर बेकायदा जुगार आणि सावकारीचा संशय होता. वडील फिलाडेल्फियाच्या माफियाचे म्होरके, तेव्हा तुरुंगात. जानेवारी १९९९मध्ये एफबीआयने त्याच्या कचेरीची झडती घेतली. संगणकातली 'फॅक्टर्स' नावाची फाईल काही उघडेना. तिला पीजीपीचं कुलूप होतं. फिल झिमरमनने १९९१ साली सामान्य माणसाकरता केलेलं हे कुलूप सरकारलाही दाद देईना. मग त्याच वर्षी कोर्टाच्या परवानगीने संगणकात कीलॉगर बसवला. स्कार्फोने आपल्या हाताने पासवर्ड टाकला आणि तो अलगद टिपला गेला. चोरावर मोर!

युक्ती तशी जुनीच. मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीच्या आयबीएम टाइपरायटरांत रशियनांनी असंच यंत्र दडवलं होतं. ते १९८४ साली उघडकीला आलं.

खरी गंमत कोर्टात झाली. अमेरिकेत दुसऱ्याचं संभाषण चोरून ऐकायला वेगळी, जास्त कडक परवानगी लागते. ती घेतली नव्हती, असा स्कार्फोचा आक्षेप. सरकार म्हणालं, मोडेम चालू असताना आमचं यंत्र टिपतच नव्हतं, मग संभाषण ऐकलं कुठे? यंत्र चालतं कसं, हे मात्र राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन आरोपीला पूर्ण सांगितलं नाही, नुसता सारांश दिला. डिसेंबर २००१मध्ये न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मानलं. पुढे स्कार्फोने गुन्हा कबूल केला आणि ३३ महिन्यांची शिक्षा झाली.

जन्मभर व्याकरण शिकवलं, त्यामुळे असा कीस काढलेला मला आवडतो. पण हा निकाल पचत नाही. म्हणजे पत्र पेटीत पडलं की त्याला जास्त संरक्षण, आणि मेजावर लिहीत असताना कमी? कीलॉगर तर खोडलेलंही टिपतो. रागाने लिहून, मग लाज वाटून पुसलेली ओळसुद्धा. माझ्या अशा ओळी पुष्कळ आहेत, त्या कुणी वाचलेल्या मला चालणार नाहीत.

आणि स्कार्फोचा तो पासवर्ड काय होता ठाऊक आहे? त्यातला आकडा वडिलांचा कैदी क्रमांक होता.