परस

चांदवडकडच्या आमच्या मळ्यातली जुनी विहीर सात परस आहे. फुटांत किती, असं कोणी विचारलं की घरात अजूनही सगळे एकमेकांकडे बघतात. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, परस म्हणजे नेमकं किती? ते काही बोलले नाहीत. जागचे उठले, ताठ उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत, हा एक परस.

आजोबा पाणाडी होते. पंचक्रोशीत कोणाला विहीर खणायची असली की बोलावणं यायचं. हातात उंबराची बेचकी असायची आणि लोकांचं सगळं लक्ष त्या बेचकीकडे. आजोबांचं मात्र निम्मं काम बेचकी हातात घ्यायच्या आधीच उरकलेलं असे. ते बांधाबांधाने फिरत. कुठलं गवत उन्हाळ्यातही हिरवं आहे, वारूळ जुनं आहे की नवं, मुरूम कुठे उघडा पडलाय, कुठली बाभूळ एका बाजूला झुकलीय, हे बघत. पायातल्या वहाणा काढून सकाळच्या जमिनीवर उभे राहत. मग बेचकी फिरायची. ती का फिरते हे मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती पाण्याने फिरते असं मी आज मानतही नाही. पाणी डोळ्यांना आधी दिसत होतं, हातांना नंतर कळत होतं.

पुढे नाशिकला आलो आणि वराहमिहिराची बृहत्संहिता वाचायला घेतली. सहाव्या शतकातला हा उज्जैनचा ज्योतिषी. ग्रहांबद्दल सांगेल म्हणून ग्रंथ उघडला, तर आत दकार्गल नावाचा सव्वाशे श्लोकांचा अख्खा अध्याय जमिनीखालच्या पाण्यावर. अंगात जशा शिरा तशाच जमिनीतही, काही वर, काही खोल, असं तो सुरुवातीलाच सांगतो. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेला तीन हातांवर, दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी. उंबर असेल तर पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुषांवर; वाटेत काजळासारखा काळा दगड लागेल. पुरुष म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस, 120 अंगुळं. मी पुस्तक मिटून ठेवलं. जवळपास दीड हजार वर्षांपूर्वीचा पुरुष आणि आमच्या विहिरीचा परस, माप तेच!

काळा दगड फुटला नाही तर काय करायचं, तेही तो सांगतो. पळस आणि टेंभुर्णीची लाकडं पेटवून खडक लाल होईपर्यंत तापवा आणि वर चुन्याची निवळी शिंपडा. सुरुंगाच्या आधीचा हा सुरुंगच.

चिनी लोकांनी जमिनीचं हेच वाचन वेगळ्या कारणासाठी केलं, ते म्हणजे फेंगश्वे, आपल्याकडची फेंगशुई. फेंग म्हणजे वारा, श्वे म्हणजे पाणी. गुओ पू (276–324) याच्या नावावर चालत आलेला दफनाचा ग्रंथ म्हणतो की जमिनीतली ची, म्हणजे प्राणशक्ती, वाऱ्यावर विखुरते आणि पाण्याशी थांबते. म्हणून पूर्वजांना पुरण्यासाठी जागा शोधायची ती पाठीशी डोंगर, दोन्ही अंगांना टेकड्यांची कूस आणि पुढ्यात पाणी असलेली. डोंगरांच्या रांगा म्हणजे ड्रॅगनच्या शिरा. इथेही शिराच! या विद्येचं आपल्याकडे पोचलेलं रूप म्हणजे गल्ल्यावरचा तीन पायांचा बेडूक, हे त्या ग्रंथाचं दुर्दैव.

त्यांचे नियम उचलून नाशिकला लावले तर फसगत होईल. तिकडे पाठीचा डोंगर उत्तरेला हवा, थंडीचा वारा तिकडून येतो म्हणून. आपला वारा पश्चिमेचा आणि तो पाऊस घेऊन येतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर तो मोकळा होतो आणि येवला-नांदगावला पोचेपर्यंत रिकामा झालेला असतो. एकाच जिल्ह्यात एकीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर, दुसरीकडे पाचशेच्या आसपास. पाणाडी पूर्वेकडच्या तालुक्यांत फिरणार, इगतपुरीच्या भातखाचरात त्याला कोण विचारतो?

दगडातलं पाणी वाचणारे इथे फार जुने. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्रिरश्मी डोंगरात हे लेणं आणि या पोढ्या करवल्या, असं त्यात कोरलंय. लेणं हा शब्द आपण अजून वापरतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. बौद्ध भिक्षूंनी कुठे राहायचं हे ठरवताना त्यांनी काय प्यायचं हेही ठरलं होतं.

आजोबांचा अंदाज एकदा, एका वस्तीवर, चुकला. सहा परस खणून नुसता काळा पाषाण लागला, दगड उपसायची यारी उतरवावी लागली. त्यांनी दक्षिणा परत दिली आणि पुढे दोन वर्षं त्या वस्तीवरून जाणारी वाट टाळली.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने द्राक्षबागेसाठी बोअर घेतला. आधी जमिनीत चार सळया रोवून यंत्राने तपासणी झाली, कागदावर आलेख आला. चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. मला यंत्राचा राग नाही. आजोबाही चुकले होतेच. पण बागेची जमीन सपाट करताना जेसीबीने बांधावरचा उंबर उपटला, तेव्हा तो उंबर तिथे कशाच्या जोरावर उभा आहे, हे कोणी विचारलं नाही. आमची जुनी विहीर त्याच्या पश्चिमेलाच आहे.

चैत्रात गेलो तेव्हा दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. वर ओढला, दोराचं ओलं टोक टाचेखाली दाबलं आणि हात वर केले. ओल बोटांच्याही वर गेली होती. दीड परस भरली.