प्याला आणि आस्वाद

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'आस्वाद' या शब्दाइतका प्रतिष्ठित शब्द क्वचितच दुसरा असेल. काव्याचा आस्वाद, नाट्याचा आस्वाद, आस्वादक समीक्षा असे प्रयोग आपण इतक्या सहजतेने करतो की, हा शब्द मुळात जिभेचा आहे याचे भान उरत नाही. गेल्या हिवाळ्यात चंदीगडलगतच्या झिरकपूर येथे एका मराठी स्नेह्यांच्या घरी या शब्दाने मला पुन्हा त्याच्या मूळ ठिकाणी नेले. निवृत्तीनंतर मुलीजवळ राहावयास गेलेल्या या दांपत्याने आम्हां पाचसहा जणांना व्हिस्कीच्या आस्वादासाठी बोलाविले होते. मेजावर भारतातच तयार झालेल्या चार माल्ट व्हिस्की होत्या: एक कसौलीची, एक बंगळूरची, एक गोव्याची आणि एक कर्नाल जिल्ह्यातील इंद्रीची. प्रत्येकीचा घोटभरच घ्यावयाचा, आधी वास, मग दोन थेंब पाणी, मग चव, आणि जे जाणवेल ते मराठीत सांगावयाचे, अशी यजमानांची अट होती. ही शेवटची अटच सर्वांत अवघड ठरली. पहिल्या फेरीत 'कडक', 'उग्र' आणि 'बरी' यांपलीकडे कोणालाच शब्द सापडेना.

ही अडचण केवळ तेथे बसलेल्यांची नव्हती; तिला इतिहास आहे. मद्याचा सूक्ष्म विचार आपल्या परंपरेला अपरिचित होता असे नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार घटकद्रव्यांसह दिलेले आहेत. परंतु आधुनिक मराठी मनाशी मद्याची गाठ पडली ती अबकारी खात्याच्या मार्फत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारी नियंत्रण घट्ट केले, आणि दारूचे दुकान हे महसुलाचे साधन बनले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांना लेखी विरोध नोंदविला. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातच दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. ज्यांचे सामाजिक विचार परस्परांपासून इतके दूर, त्यांचेही या एका प्रश्नावर एकमत व्हावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. गरिबाच्या घरातला पैसा सरकारी तिजोरीत नेणारी ही वाट दोघांनाही स्पष्ट दिसत होती. अशा परिस्थितीत मद्याच्या चवीविषयी बोलणे हे असभ्य नव्हे, तर निर्दय ठरले असते.

या नैतिक भूमीवर राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' उभे आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. सुधाकराच्या शोकांतिकेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु नाटकाचे शीर्षक संख्यावाचक आहे, याकडे मला येथे लक्ष वेधावयाचे आहे. प्याला कसा होता, त्यात काय होते, हा प्रश्न नाटकाला पडत नाही. तो पहिला की शेवटचा, एवढाच प्रश्न आहे. मराठीने मद्य चाखले नाही, मोजले. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत तळीराम आणि त्याचे सोबती पिण्याच्या समर्थनार्थ युक्तिवादांचा पाऊस पाडतात. त्या सगळ्या बुद्धिचातुर्यात तत्त्वज्ञान आहे, समाजसुधारणेचे विडंबन आहे. चव मात्र कोठेच नाही. आणि या मंडळाच्या बैठकीबाहेर, घरात, दळण दळणारी सिंधू आहे. बालगंधर्वांनी तिला जे रूप दिले, त्यानंतर मराठी प्रेक्षकाला प्याला पाहताना सिंधू आठवल्यावाचून राहिली नाही. मद्यपानाच्या दृश्यात अनुपस्थित असलेली स्त्री हीच त्या दृश्याची खरी साक्षीदार ठरली.

पुढे कायद्याने या मोजणीला दप्तरी रूप दिले. मुंबई शहरात १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने ती व्यापक झाली. बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये या अधिनियमातील काही तरतुदी रद्द केल्या, तरी त्याचा मुख्य भाग कायम ठेवला. पिणाऱ्याला परवाना आला. मध्यमवर्गीय घरात बाटली कपाटात गेली आणि तिच्याबरोबर एक कुजबुजती भाषाही आली. 'घेणे', 'बसणे' ही क्रियापदे कर्माशिवाय वापरली जाऊ लागली. काय घेतले, हे न सांगण्यातच सभ्यता होती. बंधने पुढे शिथिल झाली, पण महाराष्ट्रात मद्याचे नियमन आजही दारूबंदीचे नाव धारण करणाऱ्या अधिनियमानेच होते. ज्या वस्तूचे नाव घेणे टाळावयाचे, तिच्या चवीला शब्द कोठून यावेत?

दुसरे एक कारण अधिक भौतिक आहे. भारतात व्हिस्की या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयांपैकी पुष्कळशा पेयांचा आधार उसाच्या मळीपासून काढलेले मद्यार्क हा असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. दारूबंदीचा अधिनियम बाळगणाऱ्या आपल्या राज्यातच प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि मळीही वाढली, हा विरोधाभास मराठी समाजेतिहासाने पुरेसा तपासलेला नाही. जवाला मोड आणून केलेले माल्ट तुलनेने विरळच राहिले. कसौलीला एडवर्ड डायर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मद्याचा कारखाना काढला, तो गोऱ्या शिपायांच्या आणि अधिकाऱ्यांच्या तहानेसाठी. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार करविणारा रेजिनाल्ड डायर हा त्यांचाच मुलगा. गडकऱ्यांचा प्याला रंगभूमीवर आला तेही हेच वर्ष. या योगायोगातून कार्यकारण काढण्याचा मोह टाळलाच पाहिजे. परंतु झिरकपुराहून कालक्याकडे जाणारा रस्ता पुढे त्याच डोंगरांत चढतो, आणि मेजावरील पहिली बाटली तेथूनच आलेली होती, हे त्या संध्याकाळी विसरणे कठीण होते. बंगळूरच्या 'अमृत'ने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट ग्लासगोत नेली, त्यानंतर भारतीय माल्टला जगात मान मिळू लागला. स्कॉटलंडात पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. बंगळूरच्या उष्म्यात ते दहा टक्क्यांच्या वर जाते. मुरण्याची गती वाढते, आणि नासाडीही.

मग आस्वादाच्या या नव्या संस्कृतीचे स्वागत करावे काय? येथे घाई करणे योग्य नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. गावोगावच्या स्त्रियांनी 'आडवी बाटली' या खुणेवर मते देऊन दुकाने बंद पाडली. त्या मतपत्रिकेवरील बाटलीला लेबल नव्हते. घोटभर घेऊन थांबता येणे, चवीसाठी महिनाभराच्या किराण्याइतकी किंमत मोजता येणे, ही ज्या घरात शक्यता आहे, तेथेच आस्वाद संभवतो. सिंधूच्या घरात त्याला जागा नव्हती, आणि तिच्या लेकीबाळींच्या अनेक घरांत आजही नाही. तेव्हा मराठीजवळ मद्याच्या चवीचे शब्द नाहीत, हा भाषेचा कोतेपणा मानण्यापेक्षा तिने दीर्घकाळ पाळलेले सुतक मानावे, असे मला वाटते.

त्या संध्याकाळी तिसऱ्या फेरीला गोव्याची व्हिस्की होती. सगळे पुरुष विचारमग्न मुद्रेने प्याले हुंगत असताना यजमानीणबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "काकवी. गुऱ्हाळातली, कढईच्या कडेला लागलेली." तो शब्द अचूक होता. मग त्यांनीच इतरांना शब्द काढून दिले: सुके खोबरे, ओले गोणपाट, दिवाळीच्या फराळाच्या डब्याचा वास, भाजलेल्या जवाच्या पिठाचा खमंगपणा. शब्द होतेच. ते स्वयंपाकघरात होते, आणि आजवर प्याल्याच्या मेजावर त्यांना कोणी बोलाविले नव्हते. शेवटच्या फेरीनंतर बाईंनी उरलेल्या बाटल्यांना बुचे लावली, कपाटात ठेवल्या आणि सर्वांना जेवावयास बसविले. त्यांनी स्वतःचा प्याला अर्धाच रिकामा केला होता. तो तसाच ठेवण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. सिंधूला ते सुधाकराच्या प्याल्यावर कधीच लाभले नाही.